1959 च्या पत्त्यांवर: न्यूयॉर्कमधले जाझचे दिवस

शुक्रवार

माझ्या आवडत्या जाझ रेकॉर्डची यादी काढली तर नावामागून नाव 1959 सालचंच निघतं. 'काइंड ऑफ ब्लू', 'मिंगस आह उम', 'टाइम आउट', 'द शेप ऑफ जाझ टू कम'. या चौघींवर माझी कितीतरी वर्षं गेली आहेत, पण पुण्यात बसून ऐकताना त्या चार वेगवेगळ्या जगांतून आल्यासारख्या वाटायच्या. त्यांचे न्यूयॉर्कमधले पत्ते मात्र एकमेकांपासून फार लांब नाहीत. मावसभाऊ जर्सी सिटीत राहतो, तबला वाजवतो, आणि ऑक्टोबरात त्याला सुट्टी होती. त्यामुळे या खेपेला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा वगैरे बाजूला ठेवून फक्त 1959 बघायचं ठरवलं.

जर्सी सिटीतल्या जर्नल स्क्वेअरहून पाथची लोकल गाडी न्यूयॉर्कमध्ये तेहतिसाव्या रस्त्याला सोडते. तिथून पूर्वेकडे चालत निघालं की मॅडिसन, पार्क, लेक्सिंग्टन, थर्ड असे रस्ते ओलांडत पूर्व तिसाव्या रस्त्यावर 207 क्रमांकापाशी पोचतो. आता तिथे राहत्या घरांची इमारत आहे. खाली सायकली, कुरिअरची खोकी, कुत्रं फिरवायला निघालेली एक बाई. ज्याला माहीत नाही त्याने थांबावं असं तिथे काहीच नाही.

इथे एक जुनं चर्च होतं. 1940 च्या दशकाच्या अखेरीस कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने ते घेऊन तिथे स्टुडिओ थाटला. प्रचंड उंच छत, लाकडी जमीन आणि आवाजाला अशी गोलाई की तिथल्या भिंतींना रंगसुद्धा देऊ नका अशी ताकीद होती म्हणतात. वादक त्याला नुसतं 'चर्च'च म्हणायचे. पियानोवादक ग्लेन गूल्डने बाखची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' 1955 मध्ये इथेच वाजवली आणि 1981 मध्ये पुन्हा इथेच. त्याच वर्षी स्टुडिओ बंद पडला, नंतर वास्तूही पाडली.

2 मार्च 1959 ला ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस इथे पाच-सहा जणांना घेऊन आला. कोल्ट्रेन आणि कॅननबॉल अॅडर्ली सॅक्सोफोनवर, बिल एव्हान्स पियानोवर (एका रचनेपुरता विन्टन केली), पॉल चेंबर्स बेसवर, जिमी कॉब ड्रम्सवर. त्या दिवशी तीन रचना झाल्या आणि उरलेल्या दोन 22 एप्रिलला. एवढ्यात 'काइंड ऑफ ब्लू' पुरी झाली. वादकांच्या हातात लिहिलेलं असं फारसं काही नव्हतं, कुठल्या स्वरसप्तकात किती वेळ राहायचं एवढंच ठरलेलं होतं.

समोरच्या फुटपाथवर उभं राहून आम्ही एकाच हेडफोनचे दोन कान वाटून घेतले आणि 'सो व्हॉट' लावलं. दादा ते पूर्वीही ऐकत आलाय, पण मी त्याला म्हटलं, आज डी हा सा धर आणि ऐक. त्याने दोन मिनिटं डोळे मिटले आणि म्हणाला, "अगं, हा तर काफी आहे." आहेच. कोमल गंधार, कोमल निषाद, बाकी सगळं शुद्ध. सोळा बार (एक बार म्हणजे चार मात्रांचा खंड) त्यातच राहायचं, मग आठ बार सगळं सप्तक अर्ध्या सुराने वर, मग पुन्हा आठ बार मूळ जागी. चालत्या भजनात पेटीवाल्याने गाणाऱ्याला न विचारता एक पट्टी वर जावं आणि निमूट खाली यावं, तसं. तोवरचं आधुनिक जाझ म्हणजे भराभर बदलणाऱ्या कॉर्डच्या, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरगुच्छांच्या, मागे धावणं. प्रत्येक कॉर्डला शोभेल असा स्वर क्षणात शोधायचा आणि पुढच्या कॉर्डकडे झेपावायचं. माइल्सने ती धावाधाव थांबवली. एका स्वरावलीत बसून तिच्यातच काय दिसतं ते पाहा म्हणाला. राग ऐकत वाढलेल्या माणसाला ही रेकॉर्ड पहिल्यांदाच ऐकताना परकी का वाटत नाही, याचं उत्तर मला तरी इथेच मिळतं. 'फ्लेमेन्को स्केचेस'मध्ये तर पाच स्वरावल्या ओळीने ठेवल्यात आणि प्रत्येकीत किती रेंगाळायचं हे वाजवणाऱ्यावर सोडलंय. ती मी आलापीसारखीच ऐकते.

आणखी एक गोष्ट आपल्या कानांना विशेष वाटेल. 2 मार्चला ध्वनिमुद्रणाचं मुख्य यंत्र किंचित हळू चालत होतं. त्यामुळे नेहमीच्या वेगाने लावल्यावर पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना थोड्या चढ्या लागत. दुसऱ्या यंत्रावरची टेप वापरून हे दुरुस्त झालं ते 1990 च्या दशकात. तीसेक वर्षं पियानो-सॅक्सोफोन घेऊन या रेकॉर्डसोबत रियाज करणाऱ्यांचा सूर तिच्याशी जुळत नसे.

शनिवार

आजचा सगळा दिवस एका तारखेपायी गेला: 5 मे 1959.

सकाळी पश्चिम छपन्नाव्या रस्त्यावर गेलो. तिथे 234 क्रमांकाला अटलांटिक कंपनीचा स्टुडिओ होता. 'फ्लेमेन्को स्केचेस'नंतर जेमतेम दोन आठवड्यांनी, 4 आणि 5 मे या दिवशी, जॉन कोल्ट्रेनने इथे 'जायंट स्टेप्स'चा बहुतेक भाग वाजवला. रेकॉर्ड बाजारात आली 1960 मध्ये, त्यामुळे ती माझ्या यादीत काटेकोरपणे बसत नाही. पण तिला वगळून 1959 सांगताच येत नाही. मुख्य रचनेत सा तीन ठिकाणी फिरतो, तिन्ही एकमेकांपासून सारख्या अंतरावर. बहुतेक ठिकाणी दर दोन मात्रांनी कॉर्ड बदलते आणि लय तर अशी की मोजायला गेलं की मागेच पडायला होतं. टॉमी फ्लॅनागनसारखा मुरलेला पियानोवादक आपल्या पाळीला त्यात अडखळतो, आणि ते रेकॉर्डवर तसंच राहिलंय. मला ती जागा फार आवडते. अवघड म्हणजे किती अवघड, ते तिथे कळतं.

म्हणजे 22 एप्रिलला हाच कोल्ट्रेन माइल्सच्या शेजारी बसून एका स्वरावलीत निवांत श्वास घेत होता, आणि पुढच्याच पंधरवड्यात कॉर्डची शर्यत त्याने अशा टोकाला नेली की त्या वाटेवर पुढे कुणाला फारसं काही उरू नये. बेसवर दोन्हीकडे तोच पॉल चेंबर्स. यातली 'मिस्टर पी. सी.' ही रचना त्याच्याच नावाची.

त्याच 5 मेला तिसाव्या रस्त्यावरच्या चर्चमध्ये बेसवादक चार्ल्स मिंगस 'मिंगस आह उम'च्या पहिल्या बैठकीला बसला होता. दुसरी बैठक 12 मेला. आम्ही छपन्नाव्या रस्त्यावरून तिसाव्यापर्यंत मुद्दाम चालत निघालो. त्या दिवशी शहराच्या या दोन टोकांना काय चाललं होतं, ते पायांनी मोजून बघायचं होतं. मध्ये खाणं, थांबणं, जरा वाकडी वाट करणं धरूनही दुपारच्या आत होण्यासारखं अंतर आहे.

वाकडी वाट केली ती ब्रॉडवे आणि बावन्नाव्या रस्त्याच्या कोपऱ्यासाठी. तिथे अल्विन हॉटेल होतं, आणि समोरच बर्डलँड हा क्लब. लेस्टर यंग शेवटी या हॉटेलात राहत होता. तिथेच 15 मार्च 1959 ला तो गेला, 'सो व्हॉट' वाजून पुरते दोन आठवडेही झाले नव्हते. डोक्यावर कायम ती चपट्या माथ्याची टोपी घालणारा, टेनर सॅक्सोफोन आडवा धरून वाजवणारा, हळुवार आवाजाचा मोठा माणूस. मिंगसने त्याच्यासाठी केलेलं 'गुडबाय पोर्क पाय हॅट' (हे त्या टोपीचंच नाव) त्याच मे महिन्यात ध्वनिमुद्रित झालं. ब्लूजच असलेली ती धून इतकी संथ चालते की प्रत्येक वळणावर बेस आधी पाऊल टाकतो आणि मग सॅक्सोफोन निघतात. त्या कोपऱ्यावर टॅक्सींच्या गोंगाटात आम्ही ती पूर्ण ऐकली. 17 जुलैला गायिका बिली हॉलिडेही गेली. लेस्टरला 'प्रेझ' हे नाव तिनेच दिलेलं, आणि तिला 'लेडी डे' म्हणणारा तोच.

बर्डलँडच्याच दारात 25 ऑगस्टच्या रात्री माइल्सला पोलिसांनी मारलं. दोन कार्यक्रमांच्या मध्ये एका गोऱ्या स्त्रीला टॅक्सीत बसवून तो बाहेर सिगारेट ओढत उभा होता. पोलिसाने हटायला सांगितलं. इथे बाहेर माझंच नाव लिहिलंय, असं सांगूनही तो हटत नाही म्हटल्यावर डोकं फुटेपर्यंत मार बसला. 'काइंड ऑफ ब्लू' दुकानांत येऊन आठवडा उलटला होता. जगातली सर्वांत शांत रेकॉर्ड म्हणून ती आज सगळीकडे, अगदी हॉटेलांच्या लिफ्टमध्येसुद्धा वाजते. ज्याने ती शांतता रचली त्याच्या कोटावर त्या वेळी रक्त होतं, हे त्या कोपऱ्यावर उभं राहून आठवलं आणि मला बराच वेळ काही ऐकावंसं वाटलं नाही.

संध्याकाळी तिसाव्या रस्त्यावर पोचून 'मिंगस आह उम' सुरुवातीपासून लावली. 'बेटर गिट इट इन युअर सोल' सहाच्या लयीत उसळत येतं, मध्ये वाद्यं थांबतात आणि नुसत्या टाळ्या उरतात, मागून मिंगस आरोळ्या देतो. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात लहानपणी चर्चमध्ये त्याने हे ऐकलं होतं, आणि ते रेकॉर्ड झालं तेही एका जुन्या चर्चमध्येच. 'फेबल्स ऑफ फॉबस'चा रोख आर्कान्सॉचा गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस याच्यावर. 1957 मध्ये लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलांना शिरू न देण्यासाठी त्याने सैनिक उभे केले होते. मिंगसने त्याची टर उडवणारे शब्द लिहिले होते, पण कोलंबियाच्या रेकॉर्डवर ते आले नाहीत. पुढच्या वर्षी त्याने दुसऱ्या कंपनीकडे शब्दांसकट ते वाजवलं. शब्दांविना ऐकलं तरी त्या डुलत चालणाऱ्या सुरावटीत एक फुगलेला, मूर्ख अधिकारी दिसतोच.

रविवार

सकाळपासून पाऊस. दादाने तबला काढला आणि घरीच 'टाइम आउट' लावली.

हीसुद्धा त्याच चर्चमधली. 25 जून, 1 जुलै आणि 18 ऑगस्ट अशा तीन बैठका. मार्च ते ऑगस्ट एवढ्या काळात एका खोलीतून अशा तीन रेकॉर्ड निघाल्या. 'मिंगस आह उम' आणि 'टाइम आउट' दोन्हींची चित्रमय वेष्टणं एस. नील फुजिता या एकाच चित्रकाराची आहेत, हे मला दोन्ही शेजारी ठेवल्यावर कळलं.

ही रेकॉर्ड करणाऱ्या पियानोवादक डेव्ह ब्रूबेकचा मुंबईशी संबंध आहे. 1958 मध्ये अमेरिकी सरकारने त्याच्या चौकडीला पोलंड, तुर्कस्तान, इराण, भारत अशा लांबच्या दौऱ्यावर पाठवलं होतं. मुंबईत तो सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ यांना भेटला, त्यांच्याबरोबर वाजवलं. मद्रासला ड्रमर जो मोरेलो मृदंगाचे थोर वादक पळनी सुब्रमण्य पिळ्ळै यांच्याबरोबर बसला. इस्तंबूलच्या रस्त्यावर ऐकलेल्या नऊ मात्रांच्या चालीतून 'ब्लू रोंडो आ ला तुर्क' जन्मलं: दोन-दोन-दोन-तीन, असं तीनदा, आणि चौथ्यांदा सरळ तीन-तीन-तीन. दादाने ते पहिल्या फेरीत टाळीवर पकडलं आणि लहान मुलासारखा खूश झाला.

मग 'टेक फाइव्ह'. रचना चौकडीतल्या सॅक्सोफोनवादक पॉल डेस्मंडची, पाच मात्रांची, तीन आणि दोन. झपताल अर्धा घ्या आणि उलटा करा. दादा आधी 'धी ना धी धी ना' वर बसवायला गेला तर वजन चुकीच्या जागी पडायला लागलं, मग त्याने तीनचा खंड पुढे आणला आणि जमलं. खरी गंमत मोरेलोच्या ड्रम सोलोत आहे. तो चालू असताना ब्रूबेक पियानोवर एकच छोटं आवर्तन न थकता वाजवत राहतो. दादा एकदम थांबला. "हा लेहरा धरलाय!" म्हणाला. आणि खरंच, तबल्याच्या एकल वादनात पेटी किंवा सारंगी जे करते तेच पियानो इथे करतो. चौकट हलू देत नाही आणि वाजवणाऱ्याला मोकळं सोडतो. तो आपल्याकडूनच शिकला असं मी म्हणणार नाही. पण त्या सोलोत मोरेलो ज्या शांतपणे जागा सोडतो, समेवर यायची घाई करत नाही, तसं तोवर अमेरिकी ड्रमिंगमध्ये क्वचितच ऐकायला मिळतं.

कंपनीच्या विक्रीवाल्यांना ही रेकॉर्ड नको होती. सगळ्या रचना नव्या, मात्रा विचित्र, वर वेष्टणावर अमूर्त चित्र! ती जाझमधली पहिली दहा लाख खपलेली रेकॉर्ड ठरली. डेस्मंड 1977 मध्ये वारला तेव्हा त्याने 'टेक फाइव्ह'चं मानधन अमेरिकन रेड क्रॉसच्या नावे केलं होतं.

दुपारी पाऊस उघडल्यावर गाडीने एंगलवूड क्लिफ्सला जाऊन आलो. जाझचा नामवंत ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर याने आईवडिलांच्या दिवाणखान्यातून आपला स्टुडिओ 1959 मध्येच इथे हलवला होता. झाडांमागे लपलेली इमारत रस्त्यावरून थोडीशीच दिसते.

सोमवार

चार नंबरची मेट्रो शेवटच्या स्टेशनापर्यंत गेली की ब्राँक्समधलं वुडलॉन कब्रस्तान येतं. हे फार मोठं आहे, त्यामुळे फाटकापाशी नकाशा घ्यावाच. जाझचा थोर संगीतकार ड्यूक एलिंग्टन याची जागा शोधली की बाकीचे सापडतात, कारण अनेकांनी त्याच्या जवळच जागा घेतली आहे. माइल्सचा काळा चकचकीत दगड, त्यावर 'सर माइल्स डेव्हिस', एक ट्रम्पेट आणि स्वरलिपीच्या ओळी. कॅननबॉलची कबर इथे नाही, कोल्ट्रेनचीही नाही. पण 'द शेप ऑफ जाझ टू कम' करणारा ऑर्नेट कोलमन आहे, आणि 1959 मध्ये ज्या दोघांच्या वाटा सर्वांत जास्त फाटल्या ते माइल्स आणि ऑर्नेट आता शेजारी म्हणावेत इतके जवळ आहेत.

मिंगस इथे नसणार हे माहीत होतं. 1979 च्या जानेवारीत मेक्सिकोत तो गेला आणि त्याच्या इच्छेनुसार पत्नी स्यू हिने भारतात येऊन त्याची रक्षा गंगेत सोडली. एलिंग्टनला पत्र म्हणून 'ओपन लेटर टू ड्यूक' रचणारा, त्याला देव मानणारा हा माणूस. दादाला हे ठाऊक नव्हतं. तो एलिंग्टनच्या कबरीपाशी उभा राहून मला पुन्हा पुन्हा विचारत होता, "गंगेत? खरंच?"

संध्याकाळी कूपर स्क्वेअर. 5 क्रमांकाला फाइव्ह स्पॉट कॅफे हा जाझ क्लब होता. ती जुनी इमारतही आता नाही. 17 नोव्हेंबर 1959 ला ऑर्नेट कोलमनची चौकडी इथे पहिल्यांदा वाजली आणि शहरात दोन तट पडले. दोन आठवड्यांचा करार होता तो वाढत गेला. संगीतकार लिओनार्ड बर्नस्टाइन ऐकायला आला आणि भारावून गेला. अनेक नामवंतांनी मात्र ही फसवणूक आहे असं उघड म्हटलं. मूळचा टेक्सासचा, पांढऱ्या प्लास्टिकचा सॅक्सोफोन वाजवणारा माणूस, संगतीला पियानोच नाही. कॉर्डची चौकटच काढून टाकलेली. 'द शेप ऑफ जाझ टू कम' लॉस एंजेलिसला 22 मे रोजी ध्वनिमुद्रित झाली होती, ती नेमकी याच सुमारास आली. तिच्यातलं 'लोनली वुमन' मी मन कठीण असेल तेव्हाच लावते. खाली ड्रम्स द्रुत लयीत पळत असतात, चार्ली हेडनचा बेस एकाच जागी घुमतो, आणि वर ऑर्नेट आणि कॉर्नेटवाला डॉन चेरी विलंबितात रडतात. दोन लयी एकमेकींना विचारत नाहीत, तरी कुठेच सुटत नाहीत.

रात्री व्हिलेज व्हॅनगार्ड. सेव्हन्थ अॅव्हेन्यू साउथवर लाल छत्रीचं दार, अरुंद जिना, तळघरातली तिकोनी खोली. 1935 पासून चालू. सोमवारी तिथे क्लबचा स्वतःचा मोठा ताफा वाजवतो, ही प्रथा 1966 ची. इतकी माणसं इतक्या लहान खोलीत एकदम फुंकतात तेव्हा टेबलावरचा पेला हातात धरून बसावं लागतं. जायचं असेल तर तिकीट आधी काढा आणि लवकर पोचा.

मंगळवार

शेवटचा दिवस एका न निघालेल्या रेकॉर्डसाठी ठेवला होता. सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स 1959 मध्ये कीर्तीच्या शिखरावर होता, आणि त्याच वर्षी त्याने कार्यक्रम बंद केले. आपलं वाजवणं आपल्यालाच पुरेसं वाटत नाही, हे कारण. लोअर ईस्ट साइडच्या घरात रियाज केला तर शेजारच्या गरोदर बाईला त्रास होईल म्हणून तो जवळच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन वाजवू लागला. थंडी, वारा, काहीही असो. 1961 च्या अखेरीपर्यंत हे चाललं.

डेलन्सी स्ट्रीटवरून पुलावर चढलो. चढ चांगलाच आहे. मध्ये मेट्रो धडधडत जाते, खाली गाड्या, नदीवर बोटींचे भोंगे. या सगळ्यावर आवाज उमटवायचा तर छातीत किती दम लागेल, ते दादाला ओरडून काहीतरी सांगायला गेले तेव्हा कळलं. रॉलिन्स परत आला तेव्हाच्या 1962 च्या रेकॉर्डचं नाव 'द ब्रिज'.

पुलाच्या मध्यावर उभं राहून आम्ही भांडलो, म्हणजे वर्षातली एकच रेकॉर्ड ठेवायची तर कोणती, यावर. मी आजवर न विचार करता 'काइंड ऑफ ब्लू' म्हणत आले. आता 'मिंगस आह उम' म्हणेन. बाकी सगळे त्या वर्षी कॉर्डच्या जुन्या घरातून बाहेर पडायच्या वाटा शोधत होते. माइल्स स्वरावलीत शिरला, कोल्ट्रेनने घर इतकं भरलं की त्यात मावेना, ब्रूबेकने मात्रा बदलल्या, ऑर्नेट भिंतीच पाडून निघाला. मिंगस निघताना सगळ्यांना बरोबर घेऊन निघाला: लेस्टर यंगला, एलिंग्टनला, जुन्या जमान्यातल्या पियानोवादक जेली रोल मॉर्टनला, लहानपणच्या चर्चला आणि लिटल रॉकच्या मुलांना. दादाला हे पटत नाही. तो 'टाइम आउट'वरून हलायला तयार नाही, आणि मोरेलोचा तो सोलो त्याने तबल्याच्या बोलांत लिहून काढायला घेतलाय.